पहिल्या नंबरनंतर
करमाडहून शहरात येताना बसमध्ये कुणाच्या तरी मोबाईलवर एक गाजलेलं रॅप गाणं वाजत होतं. पुढच्या सीटवरची म्हातारी वैतागली, "बंद करा रे ते, कान किटले!"

माझ्या शेजारचा तरुण हसला. "मावशी, माझे बी किटले. माझंच हाय ते."

शहरातल्या पुंडलिकनगरात इमारती वाढत होत्या आणि नळ कोरडे होते, तेव्हा टँकरच्या रांगेत उभ्या उभ्या त्यानं ते रचलं होतं. वर्षभर ते पहिल्या नंबरवर होतं. मग लोकांनी दुसरं धरलं.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की. पण वर होतो तवा नवं काहीच सुचलं नाय. आता लई सुचतंय."

मांडीवर ठेका धरून त्यानं म्हातारीचीच कुरकुर गाऊन दाखवली. ती तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "हे बरंय. परत म्हण."