चालते म्हणजे नेमकं काय

नागपुरात कुठल्याही दुकानात जा, कुठलीही वस्तू हातात घ्या आणि विचारा, "हे चालते का?" दुकानदार वस्तूकडे बघणारच नाही. तुमच्याकडे बघेल आणि म्हणेल, "चालते नं." या दोन शब्दांवर माझा काडीचा विश्वास नाही. चालते म्हणजे यंत्र सुरू होतं, असाही अर्थ आहे. चालते म्हणजे एवढ्यातेवढ्यावर निभावून घ्या बाप्पा, असाही आहे. सांगणारा कोणत्या अर्थाने सांगतोय हे त्याचं त्याला तरी ठाऊक असतं की नाही, देव जाणे. आपल्याला ते घरी आल्यावर कळतं.

मी संशयी आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. दूध आलं की आधी वास घेते, खोकं आलं की आधी हलवून बघते. मुळात मी फिजिक्सची मास्तरीण. सावनेरच्या ज्युनिअर कॉलेजात कितीतरी वर्षं शिकवलं, रोज बसने जाऊन-येऊन. प्रयोग न करता कोणी निष्कर्ष लिहून आणला की मी तो तोंडावर परत करायची. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. घरच्यांनी विचारलं, "नोकरी सोडली तर चालते नं तुले?" मी म्हटलं, चालते. सासूबाई गेल्या त्यालाही आता बराच काळ झाला, पण तोवर कॉलेजातली माझी जागा भरली गेली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र एका ऑनलाइन शिकवणीच्या संस्थेने मला विचारलं. रविवारी सकाळी नमुन्याचा एक तास घ्यायचा. मुलं खरी असणार, आणि संस्थेच्या बाई मागे बसून बघणार. पसंत पडला तर जूनपासून अकरावीचा एक वर्ग माझा. घरात मी हे अगदी सहज म्हणून सांगितलं, भाजीत आज मेथी आहे म्हणतात तसं. पण मला तो वर्ग हवा होता. फार हवा होता.

संस्थेची एकच अट होती. त्यांचं शिकवायचं सॉफ्टवेअर फक्त नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर उघडतं, आणि आमच्या कॉम्प्युटरवर जुनी. ओळखीतला एक कॉम्प्युटरवाला नवी सिस्टीम टाकायला घरी आला, दिवसभर खुडबुड केली, पन्हं प्याला, "आता सगळं चालते मॅडम" म्हणाला आणि गेला. त्याची पाठ वळली आणि बघते तर नेट गायब.

आमचा राऊटर पुढे हॉलमध्ये आणि कॉम्प्युटर अगदी मागच्या खोलीत. मधली हवा ओलांडून नेट आणायचं काम कॉम्प्युटरच्या पाठीशी खोचलेलं एक बोटभर कांडकं करायचं, वायफायचं अ‍ॅडॉप्टर. त्याचा दिवा विझलेला होता. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की यानं आमचं चांगलं काढून नेलं आणि मेलेलं लावून दिलं. पण तसं नव्हतं. लग्नातल्या भांड्यांवर आपण नाव घालून घेतो. प्लास्टिकवर ते घालता येत नाही, म्हणून मी माझ्या वस्तूंवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देते. चार्जरवर, डब्याच्या झाकणावर, छत्रीच्या दांड्यावर. या कांडक्यावर ठिपका होता. म्हणजे आमचंच होतं.

मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तो पीस जुना झाला नं. नवी सिस्टीम त्याले ओळखूनच नाही राहिली. नवा घेऊन टाका."

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही."

आता माझा नवरा. त्याचा स्वभाव माझ्या बरोबर उलटा, कोणी काही म्हटलं की त्याला ते खरं. त्याच्याकडे यावर तोडगा तयार होता. "कॉम्प्युटर हॉलमधे आणू. राऊटरजवळ बस, वायर लाव, काम खतम." हॉलमध्ये टीव्ही आहे. हॉलमध्ये खिडकीला कूलर आहे, त्याच्या घरघरीत स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. आणि रविवारी सकाळी याचे मित्र पोहे खायला हॉलमध्येच बसतात. मग म्हणाला, वायरच मागे ओढू. पण उंबऱ्यावरून वायर गेली की आमच्या मागच्या खोलीचं दार लागत नाही, आणि मला दार लावून शिकवायचं होतं. मोबाईलचं नेट जोडून पाहिलं, ते त्या खोलीत मनात आलं तर येतं.

"बरं बरं, मी आणून देतो," तो म्हणाला, आणि शुक्रवारी बर्डीच्या बाजारातून नव्या अ‍ॅडॉप्टरची डबी घेऊन आला. ओळखीच्या दुकानातली. तिथला माणूस म्हणाला, चालते.

मी डबी उजेडात धरली. एका कोपऱ्यात चिकटपट्टी होती आणि तिच्यावर नव्या सिस्टीमचं नाव. बाकी सगळा मजकूर डबीवरच छापलेला, मग एवढंच वरून का चिकटवलं? नखाने पट्टी सोलली. खाली सिस्टीमची यादी होती आणि ती जुन्या सिस्टीमवरच संपत होती. आत एक इवलीशी सीडी निघाली. आमच्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, सीडी नसल्यास सॉफ्टवेअर नेटवरून उतरवून घ्या. म्हणजे नेट लावायला आधी नेट पाहिजे. मी तो कागद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

तरी त्याने अ‍ॅडॉप्टर लावलंच, आणि दिवा लागला. "पाह्य, चालते नं," तो खुशीत म्हणाला. मी रामटेकला धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती तांदूळ निवडत बसली होती. "काय म्हणतं वं ताई," एवढं बोलली आणि तोंड उघडं ठेवून तशीच थिजली. थोड्या वेळाने हलली, पुन्हा थिजली. रविवारी माझ्यासमोर मुलं अशीच थिजणार होती, आणि संस्थेच्या बाईंना वाटणार होतं की या बाईला साधं यंत्र जमत नाही, ही काय शिकवणार.

नवरा म्हणाला, "मधूनमधून चालते नं पण."

त्या संध्याकाळी मी मोबाईलवर वाचत बसले आणि माझ्या संशयाला चांगलंच खाद्य मिळालं. या अ‍ॅडॉप्टरचं नाव तेच, रंग तोच, डबीही तीच, पण आतलं पोट कंपनी दरवेळी बदलते. कितवी आवृत्ती आहे तो आकडा मागच्या बाजूला अगदी बारीक छापतात. दुसऱ्या आवृत्तीला नवी सिस्टीम झेपत नाही, तिसरीला झेपते. कंपनीच्या स्वतःच्या पानावरच तसं लिहिलेलं होतं. दुकानात मात्र दोन्ही शेजारी शेजारी आणि दोन्ही चालते.

शनिवारी मी स्वतः बर्डीवर गेले, नवऱ्याला घेऊन. त्या ओळखीच्या दुकानात नाही, दुसऱ्या. चष्मा पर्समध्ये वर ठेवला होता. दुकानदाराने डबी काउंटरवर सरकवली.

"नव्या सिस्टीमवर चालते का?" मी विचारलं.

"चालते काय ताई, भागते."

मी डबी परत सरकवली. "भाऊ, मला भागवायचं नाही आहे. मला व्यवस्थित हवं आहे."

"अहो, एकदम भागते."

"तेच तर नको आहे."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तो मला खुळी समजत होता आणि मी त्याला लबाड. शेवटी नवऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याचं भागणं हिंदीतलं होतं, पळत सुटणारं. माझं मराठीतलं, कसंबसं पुरवून घेण्याचं. आमच्या गावात दोन्ही भाषा एकाच तोंडात राहतात, त्यामुळे हे होतंच. दुकानदार हसला. मी हसले नाही, कारण तेवढ्यात मी चष्मा लावून डबी उलटी केली होती आणि मागे दोनचा आकडा दिसला होता.

"तिसरी आवृत्ती दाखवा."

"एकच आहे ताई सगळं."

"मग तिसरी द्यायला काय हरकत आहे?"

त्याने स्टूल घेतलं, वरच्या फळीवरच्या डब्या खालीवर केल्या, आणि एक निघाली तिसरी. "आता ही तुमच्या कॉम्प्युटरला लावून दाखवा," मी म्हटलं. त्याच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरला नवीच सिस्टीम होती, ते मी आत येतानाच बघून ठेवलं होतं.

"सील तोडलं तर माल वापस नाही होत."

आता नवरा कंटाळला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, दुकानात आणखी गिऱ्हाईकं येऊन उभी होती. तो माझ्या कानाशी आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "अवं घेऊन टाक नं. नाहीच झालं तर उद्या हॉलमधे बस. तुले काय, चालते."

दुकानात मी पुस्तकी मराठी बोलते, शिकवायची सवय. पण डोकं फिरलं की ती गळून पडते.

"नाही चालत मले," मी म्हटलं. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "हॉल नाही चालत. उघडं दार नाही चालत. मधातच बंद पडणारं नेट नाही चालत. सावनेरची नोकरी सोडली, तेव्हाही मले चालत नव्हतं. मी नुसतं म्हटलं चालते, अन् तुम्ही सगळ्यायनं ऐकून घेतलं. कोणी लावून नाही पाह्यलं."

दुकानदार फळीकडे बघू लागला. मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली काउंटरकडे पाहिलं. शेवटी तो दुकानदाराला म्हणाला, "सील तोडा भाऊ. वापस नाही आणत."

अ‍ॅडॉप्टर लावलं, दिवा लागला, दुकानदाराने एक व्हिडिओ सुरू करून दाखवला. सुरेख चालला होता. नवऱ्याने हुश्श केलं. मी काउंटरच्या पलीकडे वाकून कॉम्प्युटरची मागची बाजू बघितली.

"आधी ही वायर काढा," मी म्हटलं.

नेट वायरीतून येत होतं. अ‍ॅडॉप्टर नुसतं शोभेला. दुकानदार म्हणाला, लक्षात नाही राहिलं ताई. असेल, नसेल. त्याने वायर काढली, व्हिडिओ थांबला. मग वायफाय जोडलं, आणि व्हिडिओ पुन्हा सुरू झाला तो थांबला नाही. त्यानंतरच मी पर्स उघडली.

घरी आल्यावरही माझा विश्वास बसेना. बहिणीला पुन्हा व्हिडिओ कॉल लावला आणि लावूनच ठेवला. मी इकडे स्वयंपाक करत होते, दर थोड्या वेळाने मागच्या खोलीत जाऊन ती हलते आहे की नाही ते बघत होते. शेवटी ती वैतागली. "आता तरी बंद कर वं. माहे तांदूळ निवडूनही झाले."

रविवारी सकाळी मी दार लावलं. कडीसुद्धा घातली. विषय घर्षणाचा घेतला होता. सुरुवातीला नजर सारखी अ‍ॅडॉप्टरच्या दिव्याकडे जात होती, मग एका मुलीने विचारलं की बर्फावर घर्षण नसतं तर माणूस उभा तरी कसा राहतो, आणि मी दिव्याला विसरले. किती दिवसांनी कोणीतरी मला असं विचारत होतं. मी तिला म्हटलं, नसतं असं कोणी सांगितलं तुला, करून पाहिलंस का?

मध्येच दारावरची घंटा वाजली. नवऱ्याचा मित्र. आता टीव्ही लागणार म्हणून मी मनातल्या मनात दात आवळले. टीव्ही लागला नाही. बंद दारामागून नवऱ्याचा दबका आवाज आला, "आज हॉल नाही चालत गा. तिचा वर्ग चालू आहे." मग दोघांच्या चपला जिन्यावरून खाली गेल्या.

तास संपला, मुलं गेली, संस्थेच्या बाई पडद्यावर आल्या. म्हणाल्या, आवडला. म्हणाल्या, जूनपासून वर्ग तुमचा. "वेळ संध्याकाळी सातची. चालेल नं मॅडम?"

सात म्हणजे आमच्याकडे कुकर लावायची वेळ. चालेल हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, पूर्ण तयार. मी म्हटलं, "सात नाही जमणार. पाच ठेवा."

बाई एकदम थिजल्या. ना हालचाल, ना शब्द. मी चटकन अ‍ॅडॉप्टरकडे पाहिलं. दिवा नीट लुकलुकत होता. नेट ठीक होतं, त्या फक्त विचार करत होत्या.

"पाच ठीक आहे," त्या म्हणाल्या.

दुपारी मी नेलपॉलिशची बाटली काढली आणि नव्या अ‍ॅडॉप्टरवर ठिपका दिला. नवरा दारात उभा राहून बघत होता. "घरातल्या घरात हे कोण चोरून नेणार आहे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," मी फुंकर घालत म्हटलं. "पण माझं आहे."