सारख्यांतला पुढारी

"सगळे अगदी सारखे असले, तरी त्यांच्यातून पुढारी निघतोच," असं संगणकशास्त्राचे प्राध्यापक पुष्कर धर्माधिकारी एकदा भरल्या वर्गात म्हणाले होते. त्या वाक्यावर त्यांचा पेपर उभा राहिला आणि पेपरावर विभागप्रमुखाची खुर्ची. अकोल्यात त्यांच्या घरी तीन पिढ्या वकिली. त्या घरात 'माझं चुकलं' असं म्हणताना कुणी कुणाला ऐकलं नव्हतं.

प्रयोग साधा होता. सहा संगणक गोलात जोडलेले, सगळ्यांत एकच प्रोग्राम. कुणाला नाव नाही की नंबर नाही. प्रत्येकाने एका वेळी एकच करायचं, निरोप पाठवायचा किंवा निरोपाची वाट पाहायची. शेवटी एकाने 'मी पुढारी' म्हणायचं आणि बाकीच्यांनी मानायचं. तसं रोज व्हायचंही. मात्र प्रयोगशाळेतली वायरिंग जुनी. सहाही एकदम सुरू केले की फ्यूज उडायचा, म्हणून दरवाज्यापासून एकामागून एक सुरू करायची तिथली रीत. ती इतकी अंगवळणी पडली होती की तीही प्रयोगाचाच भाग आहे हे कुणाच्या मनात आलं नाही.

आलं ते रागिणीच्या. भातकुलीच्या शेतकऱ्याची ही मुलगी एम.एस्सी.ला होती. संगणक सुरू करण्याचं काम तिच्याकडेच असे. तिने एक दिवस दोनच संगणक जोडले, एकाच बटणावर घेतले आणि वर्गात उभी राहिली.

"सर, दोनी कॉम्प्युटर एकदमच सुरू केले, तं कोणीच पुढारी होत नाही. दोघंबी 'मी' म्हणते, दोघंबी थांबते, पुन्हा दोघंबी 'मी' म्हणते. अन् रोज दरवाज्याजवळचाच काहून जिंकते?"

वर्ग हसला. सरही हसले. "आधी बोलणं सुधारा, मग सिद्धान्त पाहू. नाहीतर भातकुलीत कापूस वेचायला माणसं कमीच पडतात म्हणे."

रागिणी खाली बसली. त्या वर्षानंतर तिने संशोधनाचं नाव काढलं नाही. अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली.

तिला न कळलेली गोष्ट अशी, की पुढच्या रविवारी दुपारी सरांनी एकट्याने प्रयोगशाळा उघडली होती आणि दोन संगणक एकाच बटणावर सुरू केले होते. तासभर ते पाहत बसले. पडद्यांवर 'मी', मग शांतता, मग पुन्हा 'मी'. त्यांनी बटण बंद केलं आणि सोमवारी पेपर जसाच्या तसा पाठवून दिला.

याला अकरा वर्षं झाली. यंदा जानेवारीत रागिणीचा फोन आला. तिच्या कॉलेजात तिचं व्याख्यान होतं आणि अध्यक्ष म्हणून तिला सरच हवे होते.

अमरावतीच्या बसमध्ये त्यांनी वाक्य जुळवलं: रागिणीचं बरोबर होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं, मी लपवलं. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी ते मनात दहादा म्हटलं. बडनेरा आलं तोवर त्यातलं 'मी लपवलं' गळून गेलं होतं. पेपर पाठवताना आपण मुद्दाम काही लपवलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि त्या समजुतीचीच त्यांना लाज वाटली.

रागिणी फळ्यापुढे उभी राहून हसत बोलत होती. "दोघं मित्र एकदमच एकमेकाले फोन लावते. दोघाचाबी एंगेज. दोघंबी ठेवून देते, वाट पाहते, पुन्हा एकदमच लावते. सारखेच असले तं हे कधीच सुटत नाही. हा निकाल जुना आहे, माझा नाही. पण समजा, माणसाले एकाच क्षणी बोलायची अन् ऐकायची, दोनीची तयारी ठेवता आली तं? एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्याशी जुळलं, की दोघांचीबी दुसरी वाट तिथंच बंद. झाला निवाडा! दोनीची तयारी ठेवणाऱ्या भाषेत जे सांगता येते, ते एका वेळी एकच करणाऱ्या भाषेत सांगताच येत नाही."

मागून श्रेयस नावाचा एक विद्यार्थी उठला. "मॅडम, धर्माधिकारी सरांच्या पेपरात तर सारख्यांतूनही पुढारी निघतो असं लिहिलं आहे!"

पुष्कर सरांनी चष्मा काढला. रागिणीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"कॉम्प्युटर चालू करायचं काम माझ्याकडं होतं," ती म्हणाली. "एकामागून एक चालू करतो, हे मीच सरांले तेव्हा नीट सांगितलं नाही. चूक माझी हाये."

ती पुन्हा फळ्याकडे वळली. व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या. प्राचार्य केशवरावांनी माईक अध्यक्षांपुढे धरला. "सर, विद्यार्थिनीने गुरूचं नाव काढलं! दोन शब्द होऊन जाऊ द्या."

पुष्कर सर उठले. माईक हातात घेतला. पहिल्या रांगेतली पोरं वह्या उघडून बसली होती. सरांनी माईक ओठांजवळ नेला आणि पुन्हा खाली घेतला. रागिणीने पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता, नुसती काळजी होती, आणि तीच त्यांना सोसेना.

त्यांनी माईक टेबलावर ठेवला, मंचाच्या पायऱ्या उतरले आणि खुर्च्यांमधल्या वाटेने बाहेर निघून गेले.