द्वारकाबाईंच्या घरातला खटका

निरवांगीत वायरिंगचं काम म्हटलं की म्हस्कूच. वीस वर्षं हात चालतोय, आणि गडी बोलायला असा गोड की म्हाताऱ्या त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. पण एक खोड वाईट. समोरचा हट्टाला पेटला की याच्या तोंडून नाही म्हणून निघत नाही.

हिंदुरावांची लेक राजलक्ष्मी माहेरी बाळंत झाली. बाळंतिणीला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. त्यात तिची आई द्वारकाबाई कुणाचं ऐकतेय! नेमका गिझर लावला की शॉकपासून वाचवणारा खटका पडायचा. म्हस्कूनं गिझर उघडला. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं कॉईल फुटली होती, करंट पाण्यात उतरत होता.

"काकी, खटका बरोबर पडतोय. बारामतीवरनं परवा नवी कॉईल आणतो."

"तवर लेकीला गार पाणी घालू व्हय रं? तुझा खटकाच नाजूक हाय. काढ त्यो!"

"दोन दिस चुलीवर तापवा की."

"आन् धुरानं बाळाचं डोळं जाऊ द्यात? काढ म्हणते न्हवं!"

हिंदुराव मळ्यात होते. म्हस्कूनं दोन्ही वायरी खटका वगळून थेट जोडल्या. दोन दिवसांत काय होतंय, म्हणे! अरे, दुसऱ्याच सकाळी द्वारकाबाईंनी बादली भरायला नळाला हात लावला, तो सुटलाच नाही.

गिझर काढून टाकला. दहावा उरकून मंडळी घरी आली, तर भावकीत कुजबूज सुरू: खटका असून बाई गेलीच कशी? हिंदुराव भडकले. "म्हस्कूनं बसवलाय त्यो! त्याला बोल लावू नका. म्हस्कू, दाव रं यांना."

म्हस्कू बोर्डापाशी गेला. आत्ताच या माणसाचे पाय धरून खरं सांगायचं, एवढंच तर करायचं होतं. त्यानं मेन बंद केला, सगळ्यांकडं पाठ करून बोर्ड उघडला आणि दोन्ही वायरी गुपचूप खटक्यात परत घातल्या. मेन लावून टेस्टचं बटण दाबलं. खटका टक्कन पडला.

"बघा, चालतोय!" म्हणत हिंदुराव म्हस्कूकडं वळले. "म्हंजी तिचंच आयुष्य सरलं हुतं. तुझा काय बी दोष न्हाय रं, पोरा."

"व्हय, तात्या," म्हस्कू म्हणाला.