डावा गाल गप्प झाला तेव्हा

गल्लीतल्या सगळ्यांची ती आत्याच. कपडे शिवून तिने उभा जन्म काढला होता. तोंडात टाचण्या धरून गप्पा मारायची तिला खोडच होती. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळलं. आरशात पाहिलं तर डावा गाल लोंबलेला आणि डोळा काही केल्या मिटेना. तिने खिडकीतूनच भावाला हाक मारली.

हाकेच्या अंतरावर राहणारा धाकटा भाऊ धावत आला. "ताई, लकवा मारला की काय गं?" म्हणत त्याने तिला तडक दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला हात वर करायला लावले, चार वाक्यं बोलायला लावली. मग म्हणाल्या, "कपाळाला आठ्या घाला बघू." डावीकडे एकही आठी पडली नाही.

"हा मेंदूचा झटका दिसत नाही. त्यात कपाळ सहसा हलतं. तुमची चेहऱ्याची नस सुजलीय. लगेच आलात हे बरं केलंत, गोळ्या आजच सुरू करू. बहुतेकांना पुष्कळ गुण येतो, पण वेळ लागतो. डोळा मात्र जपा. दिवसा थेंब, झोपताना मलम लावून पापणीवर पट्टी."

गोळ्या संपल्या, तरी गाल ढिम्म. आत्या गिऱ्हाइकांशी दाराआडून बोलू लागली. पुढे गाल जरासा हलला, तेव्हा बाईंनी आरशासमोर करायचे हलके व्यायाम शिकवले. भाऊ रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसे.

"गाल फुगव."

फुस्स करून हवा निसटली. भाऊ खो खो हसला, आणि मग तीही. लहानपणी दोघं याच कपाटाच्या आरशासमोर तोंडं वेंगाडायची. आधी हसेल त्याने भांडी विसळायची. "पुरे झाले माकडचाळे!" आई आतून ओरडायची.

"मी कध्धी हरले नाही," आत्या म्हणाली.

"आता कशी हरशील? अर्धं तोंड आयतंच गप्प!"

काही महिन्यांत चेहरा बराचसा पूर्वीसारखा झाला. हसताना डावा डोळा किंचित बारीक होतो, एवढंच. व्यायाम कधीच थांबले, पण भाऊ अजून संध्याकाळी येतो. आई दोघांना हाक मारताना आधी कुणाचं नाव घ्यायची, यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.