कमानीतून आलेला चेंडू
घाणेरीचा पाला हातात चुरगळला, की त्या वासाने मला वसईच्या किल्ल्यातली ती दुपार आठवते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या शाळेतल्या एका तरुण बाईंनी मुंबईत अमेरिकन सैनिकांचा सॉफ्टबॉल पाहिला होता, आणि तो त्या आम्हा मुलींना शिकवत. "हात खालून पूर्ण फिरव, पाऊल पुढे टाक आणि मांडीपाशी आला की चेंडू सोड," असं प्रत्येकीच्या मागे उभं राहून सांगायच्या. त्याच पावसाळ्यात आमच्यातली एक मुलगी विषमज्वराने गेली होती. ती डावखुरी होती आणि तिचा चेंडू शेवटी हमखास आत, समोरच्या खेळाडूच्या अंगाकडे वळायचा. त्या दुपारी माझा नेम चुकला आणि चेंडू घाणेरीने वेढलेल्या पडक्या चर्चच्या कमानीतून आत गेला. मी आणायला निघाले, तेवढ्यात तो खालून टाकल्यासारखा बाहेर आला आणि बाईंपाशी पोचता पोचता तसाच त्यांच्या अंगाकडे वळला. किल्ल्यालगतच्या पाचूबंदरची एक मुलगी धावत जाऊन पाहून आली. "बाई, आतमदे कोनीच नाय. गवतपन मोडलेला नाय," ती म्हणाली. बाईंनी चेंडू उचलला, पदर खोचला आणि नवख्या मुलीला टाकावा तसा तो हळूच कमानीतून आत टाकला. आम्ही बराच वेळ थांबलो, पण तो परत आला नाही. "चला, आता तिला खेळू दे," बाई म्हणाल्या आणि आम्हाला घेऊन निघाल्या. आमच्याकडे चेंडू तेवढा एकच होता. पुढे मीही जन्मभर मुलींना खेळ शिकवले, पण तो तसा ठेवून येणं मला जमलं असतं, असं वाटत नाही.