लाल लेपाचे अठ्ठावीस दिवस

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते अंबडच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बीएस्सीचा फॉर्म बाईंनी भरला. प्रवेशाच्या दिवशी त्या माझ्याबरोबर एसटीनं जालन्याला आल्या आणि म्हणाल्या, "केमिस्ट्री घे, तुझा हात स्थिर आहे." त्या हाताच्या जोरावर मी आज जालन्यातल्या एका लहान खाजगी प्रयोगशाळेत काम करतो.

काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. एखादं प्लास्टिक किंवा रसायन पाण्यात गेलं, तर पाण्यातले जिवाणू ते खाऊन संपवतात का, हे आम्ही तपासतो. बाटलीत पाणी, थोडे क्षार, सांडपाणी केंद्रातून आणलेल्या गढूळ पाण्याचा थेंब आणि तपासायचा माल घालायचा. काही बाटल्यांत माल घालायचा नाही, म्हणजे तुलना करता येते. हवेचा बुडबुडा राहू न देता बूच लावायचं आणि वीस अंशांवर, अंधारात, अठ्ठावीस दिवस ठेवायचं. ज्यात ठेवतो त्याला इन्क्युबेटर म्हणतात, दिसायला तो फ्रीजच. ठरलेल्या दिवशी काही बाटल्या उघडून पाण्यात प्राणवायू किती उरला ते मोजायचं. जिवाणूंनी माल खाल्ला असेल तर प्राणवायू कमी झालेला असतो. मोजताना पाणी निळं करून त्यात थेंबथेंब रसायन सोडायचं; तो निळा रंग एका थेंबासरशी जातो आणि तो थेंब पकडायला डोळे ताणावे लागतात. सात वर्षं मी तो थेंब पकडतोय. संध्याकाळी डोळे मिटले तरी निळं दिसतं.

त्या वर्षी एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याकडून लाल लेप आला होता, पेरणीआधी बियाण्यावर चढवतात तो. त्यातलं प्लास्टिक पाण्यात विरून संपतं, असा दाखला त्याला हवा होता. तोवर मी मोजायचो आणि अहवालावर सही आमचे मालक करायचे. मालक म्हणजे शेठ. ते स्वतः केमिस्ट्रीचे पदवीधर. या वेळी ते म्हणाले, "हा अहवाल तुझ्या सहीनं जाऊ दे." मी बाईंना लगेच फोन केला. बाई म्हणाल्या, "मला झेरॉक्स पाठव. चार लोकांना दाखवते."

बाविसाव्या दिवशी खंडेनवमी आली. आम्ही तराजू पुसला, काचेची भांडी धुतली, सगळ्याला हळदी-कुंकू लावलं. झाडलोट करणाऱ्या मावशी इन्क्युबेटरकडे बघून म्हणाल्या, "समद्या मशिनी आराम करून राह्यल्या, ह्या फ्रीजनंच काय पाप केलं?"

शेठ हसले. मीही हसलो आणि बटण बंद केलं. आमच्या घरी त्या दिवशी वडील कामासाठी खुरप्यालासुद्धा हात लावू देत नाहीत. चालू मशीनला हळद लावायला माझंच मन तयार होईना. आरती झाली की चालू करू, असं ठरवलं होतं. मग पेढे वाटले, शेठनी सगळ्यांना लवकर सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी दसरा म्हणून मी गावी गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडलं तर आतला थर्मामीटर एकतीस दाखवत होता.

उबेत जिवाणू जास्त खातात. म्हणजे माझी चूक लेपाच्या फायद्याची होती. मी बटण चालू केलं, रोजचं तापमान लिहायच्या नोंदवहीत त्या दोन दिवसांच्या जागा कोऱ्या सोडल्या आणि कुणाला काही बोललो नाही. लेप नापास झाला तर विषयच संपेल, अशी आशा होती. अठ्ठाविसाव्या दिवशी मोजलं. लेप पास होण्याच्या रेघेच्या जेमतेम वर गेला होता. ऊब मिळाली नसती तर गेला असता का, हे आता कळायला मार्ग नव्हता.

मी वही घेऊन शेठच्या टेबलापाशी गेलो.

"शेठ, दोन दिवस कोरे आहेत."

"तर भर की. वीस."

"वीस नव्हतं. मशीन बंद होतं. पूजेला मी बंद केल्तं, चालू करायचं राहून गेलं."

शेठनी चष्मा काढला. "अन् आता सांगून राह्यला? इतके दिवस काय झोपला होता?"

"भीती वाटली."

"अन् दिवाळीत? तवा कोण येतं इथं आकडे बघायला? सुट्टीवरून आला की वीस, वीस, वीस तूच लिहितो. बराबर?"

"तेव्हा मशीन चालू असतं, शेठ."

"तुला काय माहीत? तू तर गावाला."

सात दिवाळ्या मी न पाहिलेले आकडे नीट अक्षरात लिहिले होते आणि त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नव्हतं.

शेठ बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. मग थकल्यासारखे म्हणाले, "जाऊ दे. पार्टीला मी सांगतो. पुन्हा लाव सगळं. पण सही मीच करतो. तुझं नंतर बघू."

कोऱ्या जागांत मी 'यंत्र बंद' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन परत गढूळ पाणी आणायला गेलो. बाटल्या धुता धुता बोटं सुरकुतली. बाईंना फोन करावा म्हणून दोनदा नंबर काढला, पण तोंडानं सांगणं जमेना. शेवटी पत्र लिहिलं. ते असं:

ती. बाईंना सा. न.

झेरॉक्स येणार नाही. तपासणी चालू असताना मी यंत्र बंद करून विसरलो आणि ते सांगायलाही सहा दिवस लावले. अहवाल रद्द झाला. सही आता शेठच करतील. तुम्ही लोकांना सांगून ठेवलं असेल, तर चूक माझी होती असंच सांगा.

दुसरी गोष्ट शेठ बोलले म्हणून ध्यानात आली. आजवर दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीतले आकडे मी न बघता लिहिले. तुम्ही आम्हाला तसं शिकवलं नव्हतं. ते अहवाल केव्हाच लोकांच्या हातात गेले. त्यांचं काय करायचं, हे शेठना विचारायचा मला धीर होत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

नवीन बाटल्या परवा लावल्या. या दिवाळीत तापमान बघायला मी इथंच थांबतोय, म्हणून पाया पडायला येता येणार नाही. फार थकल्यासारखं झालंय. तब्येत बरी आहे, काळजी करू नका.

आपला विद्यार्थी