मोठीमायची खडखड

मोठीमाय घरात कुठं आहे, ते आम्हाला खडखडीवरून कळायचं. माझी ही थोरली चुलती. लातूरच्या दालमिलमध्ये तिची उमर गेली. तिथल्या भुशानं तिला दमा दिला आणि तिथल्या आवाजानं कान अर्धे नेले. दम्यासाठी तिच्याकडं एक छोटं यंत्र होतं. त्यात कॅप्सूल टाकायची, फिरवून उघडायची आणि तोंडात धरून जोरात श्वास ओढायचा. कॅप्सूल आत खडखड वाजायची. तिला धड ऐकू यायचं नाही, म्हणून मलाच विचारायची, "वाजलं का गं?" मी "वाजलं" म्हटलं की पदर सावरून कामाला लागायची. वाजलं म्हणजे औषध छातीत गेलं, हा तिचा कायदा.

क्लाससाठी मी तिच्याकडं राहत होते, तेव्हा डॉक्टरांनी पंप दिला, सोबत प्लास्टिकचं नळकांडं. यंत्राला स्वतःच्या श्वासाचा जोर लागतो. पंपाचं औषध नळकांड्यातून हळू ओढलं तरी पोचतं, तेव्हा लई दम लागला की हाच घ्या, असं त्यांनी बजावलं. तिनं एकदा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चोरावाणी जातंय हे. गेलं का न्हाई, कसं कळावं?"

शिवाय नवीकोरी वस्तू वापरून खराब करायची नाही, हा तिचा दुसरा हट्ट. आहेराच्या साड्यांसोबत पंप लोखंडी कपाटात गेला, किल्ली तिच्या कमरेला. अडीनडीला राहू दे, म्हणाली. आम्ही किती हसलो होतो, देवा!

अडीनड आली ती भर दुपारी, दिवाणखान्यात. ती यंत्र तोंडाला लावून ओढत होती, पण श्वासच उरला नव्हता, तर कॅप्सूल हलणार कशी? तिचा मुलगा ऑटो आणायला धावला. मी तिच्या कमरेची किल्ली सोडवू लागले, तर माझा हात ढकलून ती यंत्रच ओढत राहिली. शेवटी कपाट उघडलं. ऑटोत मी नळकांडं तिच्या तोंडाला धरलं, पंप दाबला, पुन्हा दाबला. ओठ निळे पडले होते. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"वाजलं का गं?"

"वाजलं, मोठीमाय."

तिनं पदर सावरला आणि डोळे मिटले. दवाखाना यायचा होता.

आता दमा मला आहे. तिचं-माझं रक्ताचं नातं नाही, तरी तो तिच्याकडूनच आला असं वाटतं. मी नळकांडं लावून पंप घेते. औषध गुपचूप आत जातं, छाती मोकळी होते, सगळं ठीक असतं. तेवढ्यात पाठीमागून ती विचारते. मी वळून पाहत नाही. वाजलं, म्हणते.